खिडकीपाशी तीन कॅमेरे

माझ्या जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची लेन्स एके दिवशी अर्धी बाहेर आली आणि तिथेच अडकली. बटण दाबलं की आतून कर्रकर्र आवाज, स्क्रीनवर लेन्समध्ये बिघाड असल्याची ओळ आणि मग कॅमेरा आपोआप बंद. नळ्यांच्या फटीत वाळूचा कण गेला असणार, असं दुरुस्तीवाल्याने हातात घेताक्षणी सांगितलं. उघडून साफ करता येईल, पण आतलं दातेरी चक्र झिजलं असेल तर तो भाग आता मिळत नाही, हेही सांगितलं. नऊ वर्षं तो कॅमेरा माझ्या पिशवीत होता. मी तो परत आणला, कपाटात ठेवला आणि त्याच रात्री नव्याचा शोध सुरू केला.

फोन आहे की, असं घरात सगळ्यांचं म्हणून झालं. फोनचे फोटो वाईट नसतात, मीही रोज काढते. पण मला ज्या फोटोंची ओढ आहे तिथे तो कमी पडतो. आई संध्याकाळी खिडकीपाशी बसून शिवते. उजेड उतरत असतो, तिचे हात चालू असतात, आणि मला तिचा चेहरा आणि हात एकाच फोटोत हवे असतात. कमी उजेडात फोन एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेतो आणि त्या एकमेकींवर बसवून एक स्वच्छ फोटो तयार करतो. भिंत, खुर्ची, पडदा यांच्या बाबतीत ते छान जमतं. चालत्या हाताच्या बाबतीत जमत नाही. बोटांच्या कडा मेणासारख्या होतात आणि दोरा मध्येच नाहीसा होतो. दोराच गेला तर त्या फोटोत उरलं काय?

म्हणून कॅमेराच घ्यायचा, खिशात मावणारा, हे पक्कं होतं. मी तक्ता मांडायला बसले. आठवडाभरात तो चांगलाच फुगला: डावीकडे चौदा मॉडेल, वर एकवीस रकाने. मेगापिक्सेल, सेन्सर, झूम किती पट, ॲपर्चर, स्क्रीन वळते का, टच आहे का, डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर, फ्लॅश, वजन, बॅटरी, रॉ, वायफाय, व्हिडिओ, असं बरंच काही. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण दिले आणि बेरीज केली. सगळ्यात वर आला ४० पट झूमचा एक कॅमेरा, २४ ते ९६० मिमी इतक्या पल्ल्याचा. त्याच्या झूमला मी दहापैकी दहा दिले होते, आणि तो झूम मला कशासाठी हवा हे मात्र मला सांगता येत नव्हतं. त्या रात्री मी बेरजेचा रकाना पुसून टाकला आणि एकेक वैशिष्ट्य सुटं करून समजून घ्यायचं ठरवलं.

सुरुवात सेन्सरपासून, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं त्या चकतीपासून केली, कारण तिथली मापंच गोंधळात टाकणारी आहेत. ‘१ इंची’ सेन्सर म्हणजे एक इंच नसतोच. तो १३.२ × ८.८ मिमीचा असतो आणि त्याचा कर्ण जेमतेम १६ मिमी. हे नाव आलंय जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांवरून. त्या काळी नळीचा बाहेरचा व्यास सांगायचे, चित्र उमटायचं तो भाग आत बराच लहान असायचा. नळ्या गेल्या, मोजायची पद्धत राहिली. १/२.३ इंची हे मापही त्याच घराण्यातलं. लांब झूमचे लहान कॅमेरे बहुतेक याच सेन्सरवर चालतात.

आकड्यांवरून मला काही दिसेना, तेव्हा मी आलेखाच्या कागदातून तीन चौकोन कापले. १/२.३ इंची सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मिमी. तो तुकडा करंगळीच्या नखावर ठेवला तरी चारही बाजूंनी नख दिसत होतं. १ इंची तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा. आणि एपीएस-सी नावाचा तिसरा सेन्सर, म्हणजे २३.५ × १५.६ मिमी, टपालाच्या छोट्या तिकिटासारखा. क्षेत्रफळ काढलं तर पहिल्यापेक्षा दुसरा चौपट, आणि दुसऱ्यापेक्षा तिसरा तिपटीहून थोडा मोठा. कागदाचे ते तीन कपटे मी पुढे महिनाभर टेबलावर काचेखाली ठेवले होते. ४० पट झूमचा कॅमेरा त्याच रात्री तक्त्यातून गेला, कारण त्याच्यामागे सगळ्यात लहान कपटा होता.

मेगापिक्सेलचा रकाना पाच मिनिटांत निकालात निघाला. ए४ कागदावर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, फोटो छापायचा तर ३५०८ × २४८० पिक्सेल लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलच्याही आत. माझ्या यादीतला एकही कॅमेरा १२ च्या खाली नव्हता.

व्हिडिओचा रकाना मी खोडला. मी व्हिडिओ करत नाही. ज्यांना करायचा आहे त्यांच्यासाठी तोच रकाना पहिला असेल, आणि बाहेरचा माइक लावायची सोय आहे का हे त्यांनी आधी बघावं.

मग एक गोष्ट सुचली, जी खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवी होती. प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये त्या फोटोची सगळी माहिती लिहिलेली असते. फोकल लेंथ, म्हणजे लेन्स किती मिलिमीटरवर होती; ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं होतं; शटर किती वेळ उघडं होतं; आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ठेवला होता. त्याला एक्झिफ म्हणतात. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचे नऊ वर्षांचे फोटो हार्ड डिस्कवर होतेच. त्यातले मला आवडणारे, कोणाला तरी आवर्जून दाखवलेले असे निवडून वेगळे काढले आणि त्यांची फोकल लेंथ लिहीत गेले. दोन संध्याकाळी गेल्या. जुना कॅमेरा २५ पासून ३०० मिमीपर्यंत जायचा, आणि शंभराच्या पुढचे फोटो त्या ढिगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. त्यातही दोन चंद्राचे होते. बाकीचे दोन ठिकाणी दाटीने बसले होते: एक अगदी रुंद टोकाला, म्हणजे २५ च्या आसपास, दुसरे ६० ते ८० च्या दरम्यान. शटर स्पीडही पाहिला. जे फोटो हलले म्हणून फुकट गेले होते ते जवळजवळ सगळे १/३० सेकंद किंवा त्याहून हळू होते, आणि त्यात हललेलं घर नव्हतं, माणूस होता.

यावरून स्टॅबिलायझेशनबद्दलचा माझा मोठा गैरसमज दूर झाला. ‘चार स्टॉपचं स्टॅबिलायझेशन’ वाचून मी त्या रकान्यात भरभरून गुण दिले होते. पण ते माझ्या हाताची थरथर सावरतं, आईच्या हाताची हालचाल नाही. शिवणारा हात स्वच्छ हवा तर शटर १/१२५ च्या खाली जाऊन चालत नाही, आणि तेवढ्या कमी वेळात पुरेसा उजेड आत यायचा तर लेन्सचं तोंड मोठं हवं. आयएसओ चढवता येतो, पण मग दाणे येतात.

आता ॲपर्चरकडे वळले. कॅमेऱ्याच्या लेन्सभोवती जी कडी असते तिच्यावर बारीक अक्षरात आकडे कोरलेले असतात. सोनीच्या आरएक्स१०० मार्क ३ वर ‘१.८-२.८’ आणि त्यापुढे ‘८.८-२५.७’ असं असतं. याचा अर्थ रुंद टोकाला एफ/१.८, लांब टोकाला एफ/२.८. खोक्यावर मात्र १.८ हाच आकडा ठळक. पुढचे ८.८ ते २५.७ हे लेन्सचे खरे मिलिमीटर. याच लेन्सला आपण २४ ते ७० म्हणतो ते ३५ मिमी फिल्मच्या हिशेबातले. खरी फोकल लेंथ भागिले एफचा आकडा केलं की ज्या भोकातून उजेड आत येतो त्याचा व्यास मिळतो. मी तक्त्यात नवा रकाना केला, ‘भोक’ असंच नाव दिलं, आणि प्रत्येक कॅमेऱ्याचं भोक माझ्या दोन आवडत्या जागांसाठी काढलं.

त्या एका रकान्याने बाकीचे वीस मागे टाकले. मार्क ३ च्या ७० मिमी टोकाला २५.७ भागिले २.८, म्हणजे ९.२ मिमी. रिकोच्या जीआर ३ मध्ये सेन्सर एपीएस-सी, लेन्स एकच, १८.३ मिमी एफ/२.८, म्हणजे ६.५ मिमी. कॅननच्या जी७ एक्स मार्क २ ची लेन्स १०० मिमीपर्यंत जाते आणि तिथेही एफ/२.८ च राहते, भोक १३ मिमी. पॅनासोनिकचा टीझेड१०० २५० मिमीला एफ/५.९ असतो, भोक १५ मिमीपेक्षा थोडं जास्त, पण २५० वर मी क्वचितच जाते, आणि माझ्या ७० च्या जागी पोचेपर्यंत त्याचा एफचा आकडा बराच चढलेला असतो. रुंद टोकाला तर हिशेब आणखी उलटा. मार्क ३ चं एफ/१.८ चं भोक ४.९ मिमी आणि जीआरचं एफ/२.८ चं ६.५. एफचा आकडा लहान असूनही भोक लहान. सेन्सर मोठा असला की लेन्सही खरी मोठी लागते, ती यामुळेच. जीआरवाल्यांनी झूम सोडून दिला, म्हणून तेवढा मोठा सेन्सर खिशात मावला.

कागदावर इतकं झाल्यावर कॅमेरे हातात घ्यायचे ठरवलं. मामाकडे टीझेड१०० होता, मैत्रिणीकडे जीआर ३, आणि दादाच्या कपाटात मार्क ३ पडून होता. तिघांनीही आठवड्याभरासाठी दिले. जी७ एक्स मात्र कोणाकडेच नव्हता.

पाठोपाठ तीन संध्याकाळी मी आईसमोर बसले. शटर १/१२५ वर ठेवला, आयएसओ कॅमेऱ्यावर सोडला, आणि ती सुईत दोरा ओवायला घेईल तेव्हाच फोटो काढायचा असं ठरवलं.

पहिल्या दिवशी टीझेड. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले, ७० च्या आसपास झूम केला. चेहरा आणि हात नीट बसले. आयएसओ चढत गेला आणि फोटो मोठा करून पाहिल्यावर आईच्या गालावर रवाळ दाणे दिसले, बोटांवरच्या सुरकुत्या पुसट झाल्या. त्याच कॅमेऱ्याने मी दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी टिपला, पिसन्‌पीस स्वच्छ आलं. भर उजेडात, लांबचं, एका खिशात. ज्याला हे हवंय त्याच्यासाठी तो कॅमेरा खरोखर गुणी आहे.

दुसऱ्या दिवशी जीआर ३. हा हातात घेतल्यावर सोडवेना. २५७ ग्रॅम, एका हाताने चालू करा, अंगठा आणि तर्जनीत सगळं नियंत्रण. अंतर आधीच ठरवून ठेवायची त्यात सोय आहे, स्नॅप फोकस म्हणतात तिला: दीड मीटर किंवा अडीच मीटर असं ठरवून दिलं की बटण एका दमात दाबायचं, कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. पण लेन्स फिल्मच्या हिशेबात २८ मिमीची. चेहरा आणि हात एवढंच हवं तर मला आईच्या पार जवळ, हातभर अंतरावर जावं लागलं. तिने सुई वर धरली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, मी कॅमेरा पुढे केला आणि तिची बोटं एकदम काळवंडली. खिडकी माझ्या पाठीमागे होती. माझीच सावली तिच्या हातावर पडली होती.

“अगं, उजेड सोड की,” आई म्हणाली.

मी डावीकडून प्रयत्न केला, उजवीकडून केला. उजेड सोडला की हात खुर्चीच्या पाठीआड जायचे. सावली न पाडता जो एक फोटो मिळाला त्यात तपशील तिन्ही कॅमेऱ्यांत सर्वात सुंदर होता, पण पुढे आलेला हात चेहऱ्याएवढा मोठा दिसत होता. त्यात लेन्सचा दोष नाही. इतक्या जवळून पाहिलं की जवळची वस्तू मोठीच दिसते. मी कुठे उभी राहणार, हे माझ्या एकवीस रकान्यांत कुठेच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मार्क ३. दीड मीटरवर, भिंतीला टेकून, खाली बसले. याची स्क्रीन वर उचलता येते, तेव्हा कॅमेरा मांडीवर ठेवून वरून बघता आलं. आईला मी फोटो काढतेय की पोस्टकार्ड लिहितेय हे कळलंही नसेल. ७० मिमी, एफ/२.८, आयएसओ १६०० च्या आसपास. दाणे होते, पण बोटांच्या रेषा जागेवर होत्या, आणि सेन्सर फार मोठा नसल्याने एफ/२.८ लाही सुई आणि डोळे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट राहिले. मोठ्या सेन्सरला एवढ्याच झूमवर, एवढ्याच एफ-आकड्याला सुई धरली तर डोळे सुटतात. लहान सेन्सरच्या बाजूनेही बोलायला काहीतरी आहे, हे मला इथे पहिल्यांदा पटलं.

तोटेही सांगते. त्याला टच स्क्रीन नाही. फोकसचा चौकोन सुईवर आणायला मागच्या चक्रीची बटणं चार-पाच वेळा दाबावी लागतात. बाकी दोघांच्या स्क्रीनवर नुसतं बोट टेकवलं की काम होतं. अंग गुळगुळीत, म्हणून मी पुढे एक रबरी पकड चिकटवून घेतली.

राहता राहिला जी७ एक्स, ज्याचं लांब टोकाचं भोक मार्क ३ पेक्षाही मोठं होतं. त्याला व्ह्यूफाइंडर नाही, एवढ्यावरून मी तो सोडला, आणि हे कारण फक्त माझं आहे. मला चाळिशी लागली आहे. स्क्रीन बघायची तर चष्मा, समोरचं बघायचं तर चष्मा काढ. मार्क ३ चा व्ह्यूफाइंडर कोपऱ्यातून टुणकन वर येतो, मग त्याची भिंगाची बाजू बोटाने मागे ओढायची, आणि छोट्या खटक्याने आपल्या डोळ्याचा नंबर जुळवायचा. चष्म्याशिवाय सुईचं नेढं दिसलं तेव्हा मी दोनदा डोळा लावून पाहिलं.

बॅटरीच्या रकान्याबद्दल एवढं सांगायला हवं की ते आकडे कसे येतात हे कळल्याशिवाय त्यांच्यावर रुसू नये. सीपा ही जपानी कॅमेरा कंपन्यांची संघटना आहे, तिने चाचणी ठरवून दिली आहे: दर ३० सेकंदांनी एक फोटो, दर दुसऱ्या फोटोला फ्लॅश, मधे झूम पुढेमागे, दर दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू. त्या हिशेबात मार्क ३ ला ३२० फोटो आणि जीआर ३ ला सुमारे २०० मिळतात. मी फ्लॅश जवळजवळ वापरतच नाही, पण स्क्रीन चालू ठेवून वाट बघत बसते, त्यामुळे माझा आकडा त्याहून वेगळाच येतो. दुसरी बॅटरी घेतली आणि तो रकाना मिटवला.

त्याच मालिकेतले पुढचे मार्क ६ आणि मार्क ७ मी पाहिले होते. त्यांचा फोकस कितीतरी चपळ आहे. पण त्यांची लेन्स २४ ते २०० झाली आणि ॲपर्चर एफ/२.८ ते ४.५. २०० मिमीच्या बदल्यात माझ्या ७० वरचा उजेड गेला. मी २०१४ सालचं मॉडेल वापरलेलं शोधायला लागले.

वापरलेला कॉम्पॅक्ट घेताना एक तपासणी अजिबात चुकवू नये. झूमची नळी आत-बाहेर होताना हवा ओढते, आणि हवेबरोबर धूळ सेन्सरवर जाऊन बसते. लेन्स काढता येत नाही, त्यामुळे ती आपल्याला पुसताही येत नाही. ॲपर्चर शक्य तेवढं लहान करायचं, फोकस हाताने अनंतावर ठेवायचा, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा आणि स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत बघायचा. मी पाहिलेल्या पहिल्या कॅमेऱ्यात, जो दुसऱ्याच मॉडेलचा होता, वरच्या डाव्या बाजूला तीन करडे ठिपके दिसले. एरवीच्या फोटोत ते कळले नसते, आकाशाच्या प्रत्येक फोटोत आले असते. विकणाऱ्याने ‘वापरून जातील’ असं सांगितलं. ते जात नसतात. मी हात जोडून निघाले.

दुसरीकडे मिळालेल्या मार्क ३ ची भिंत स्वच्छ निघाली. लेन्स दहा-बारा वेळा आत-बाहेर केली, नळीला कान लावून ऐकलं. जुन्या कॅमेऱ्याची ती कर्रकर्र माझ्या कानात अजून होती. इथे नुसती एकसारखी बारीक घूं होती. व्ह्यूफाइंडर वर घेतला, खाली दाबला. खाली दाबला की हा कॅमेरा बंदच होतो, हे दादाच्या कॅमेऱ्यावर शिकून झालं होतं, म्हणून दचकले नाही.

त्याच संध्याकाळी खिडकीपाशी पुन्हा बसले. शटर १/१२५. आईने दोरा ओठांत धरला, ओला केला, सुई उजेडात धरली आणि एक डोळा बारीक केला. पहिल्यांदा दोरा गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी आठ-दहा फोटो काढले आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. चौथा फोटो मोठा करून दाखवला तसा तिने तो हात लांब करून धरला, जवळ आणला, पुन्हा लांब केला.

“हे बघ,” तिने नखाने स्क्रीनवर दाखवलं. दोऱ्याच्या टोकातून केसाएवढा एक धागा सुटून नेढ्याच्या बाहेर राहिला होता. “म्हणून जात नव्हता आत.”

मग तिने कात्री मागितली आणि टोक कापलं.